पहिली मुंबई, चार हजार रुपये आणि एक स्केचबुक

बिलोलीत ‘मोठं शहर’ म्हटलं की मुंबई आठवत नाही, हैदराबाद आठवतं. मोठा दवाखाना हैदराबादला, लग्नाचा बस्ता हैदराबादला नाहीतर निजामाबादला, बारावी करून कामाला निघालेला पोरगाही आधी त्याच दिशेच्या गाडीत बसतो. तेलंगणाची हद्द इतकी जवळ की बाजारात बोलता बोलता कुणी मराठीतून तेलुगूत जातं, परत मराठीत येतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मुंबई आपली राजधानी हे भूगोलात पाठ केलेलं. बाकी मुंबई म्हणजे सिनेमा, पावसाळ्यातल्या बातम्या आणि मंत्रालयात अडकलेली कुणाची तरी फाईल.

त्यामुळे इथल्या एखाद्या घरात पोरीने ‘मला चित्रं बघायला मुंबईला जायचंय’ म्हटलं की आधी शांतता पसरते. मग प्रश्न सुरू होतात.

हा लेख त्या प्रश्नांसाठी. तुम्ही फाउंडेशनला असा, एटीडीला असा, बीएफएला असा, नाहीतर इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाल्यापासून अकाउंटच्या वहीत मागच्या पानावर चेहरे काढत बसणारे बीकॉमवाले असा. मुंबई पाहिलेली नसेल आणि यंदा एकदा जाऊनच यायचं असं डोक्यात घेतलं असेल, तर पुढे वाचा.

ज्या मुलीमुळे हे लिहितेय ती बिलोलीची, नांदेडला चित्रकला शिकते. नाव छापू नको म्हणाली, कारण पेपरात आलं की ती निघायच्या आधीच गावात ‘कवा आलीस मुंबईहून?’ सुरू होईल. तिच्याकडे चार हजार रुपये आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने दोन मैत्रिणींसोबत जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या ‘बोलक्या भिंती’ रंगवल्या. बाराखडी, पाढे, सूर्यमाला, आणि मुख्याध्यापकांच्या आग्रहाखातर दारालगत एक मोर. त्याचे हे पैसे. घरची परवानगी मोजून मिळाली आहे: बुधवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी सकाळी नांदेडला परत. सोबत वर्गातली एक मैत्रीण.

तिच्या वडिलांचा विरोध नाही. त्यांना फक्त कळत नाहीये. ते म्हणाले, “चित्रंच बघायचेत ना? मोबाईलवर दिसायलेत की सगळे. त्याच्यासाठी मुंबई कशाला?”

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. स्वतःच्या खिशातून खर्च होणार असेल तर तुम्हीही तो स्वतःला विचारला पाहिजे. मी त्याचं उत्तर असं देईन: मोबाईलवर प्रत्येक चित्र एकाच मापाचं असतं. तळहाताएवढं लघुचित्र आणि भिंत व्यापणारा कॅनव्हास, दोन्ही सहा इंचांत. रंग किती जाड लावलाय, चाकूने ओढलाय की ब्रशने, खालचा कागद कुठे उघडा सोडलाय, जवळ गेल्यावर नाक कुठे विरघळतं आणि चार पावलं मागे आल्यावर परत कुठे जुळून येतं, यातलं काहीही काचेतून येत नाही. पुस्तकातल्या छपाईतही येत नाही. आपण वर्गात वर्षानुवर्षं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रांवरून ‘शैली’ शिकतो आणि मग आपल्या क्वार्टर शीटवर तीच काढायला बघतो. मापच माहीत नसेल तर हाताला काय कळणार? तुम्ही होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर पाहिलं असेल, देगलूरजवळचं. फोटोत त्या चालुक्यकालीन मूर्ती सुंदर दिसतात. पण दगडाला वळसा घालून बाजूने पाहिल्यावर कमरेचा बाक किती खोल कोरलाय ते समजतं, आणि ते समजायला तिथे उभंच राहावं लागतं. चित्राचंही तसंच आहे.

मग हैदराबाद का नाही? खरं तर हैदराबादही बघाच. सालारजंग संग्रहालय एका दिवसात पाहून होत नाही. आणि मराठवाड्याचं शासकीय चित्रकला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथल्या मुलांची कामं बघायला तर मुंबईच्या निम्मंसुद्धा अंतर नाही. पण मुंबईत एक गोष्ट आहे जी या दोन्हीकडे तेवढी दाटीने मिळत नाही. तिथे एका रस्त्यावर, पायी फिरत, दीडशे वर्षांपूर्वीचं काम आणि या आठवड्यात टांगलेलं काम एकाच दिवशी बघता येतं.

गाडी आणि तिच्या वेळा

नांदेडहून मुंबई रेल्वेने साधारण ६०० किलोमीटर. तिकीट काढताना अॅपमध्ये स्टेशनचं नाव ‘हुजूर साहिब नांदेड’ असं शोधा. गाड्या बऱ्याच आहेत, पण पहिल्यांदा जाताना एकच कसोटी लावा: ती मुंबईत उजेडात पोचते का? तपोवन एक्सप्रेस दिवसाची आहे, खिडकीतून बघायला छान, पण मुंबईत रात्री उतरवते. अनोळखी शहरात पाठीवर बॅग, हातात फोल्डर आणि रात्रीची वेळ, हे पहिल्या वेळी नको. देवगिरी एक्सप्रेस संध्याकाळी नांदेड सोडते आणि सकाळी मुंबई. ती सिकंदराबादकडून येते, त्यामुळे बिलोली-कुंडलवाडीकडच्यांनी धर्माबादहून बसायचाही विचार करावा, नांदेडपर्यंतचा एसटीचा हेलपाटा वाचतो. वेळा बदलत असतात, निघायच्या आधी १३९ वर विचारून घ्या.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होतं, घरातली मोठी माणसं अजून तोच हिशेब सांगतात. तात्काळच्या भरवशावर राहू नका. स्लीपरचं तात्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडतं आणि कसं संपतं ते तुम्हाला माहीत आहेच. स्लीपरचं जाऊन-येऊन भाडं हजाराच्या आत बसतं. म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या चार हजारांतले तीन हजार हातात उरतात.

स्टेशनवर घाई करू नका

आता मला सगळ्यात जास्त सांगायची असलेली गोष्ट. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात की लोंढ्याबरोबर बाहेर पळू नका. बॅग क्लोक रूममध्ये ठेवा (कुलूप लावलेली नसेल तर घेत नाहीत, छोटं कुलूप गावाकडूनच न्या), चहा घ्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जाऊन वर बघा.

ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखली, १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून तिची नोंद केली. हे सामान्यज्ञानाच्या पेपरात तुम्ही लिहिलंही असेल. पण त्या भिंतींवरचं बरंच कोरीव काम कुणी केलं माहीत आहे? बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी. म्हणजे आजचं जेजे. खांबांच्या माथ्यावरची पानं, पक्षी, माकडं, कोपऱ्यात दडलेले प्राणी हे सगळं तुमच्या-माझ्या वयाच्या मुलांच्या हातचं आहे. परीक्षेचं सबमिशन होतं की मजुरी होती ते सोडा. पण देशातलं बहुधा सगळ्यात गर्दीचं आणि सगळ्यात कमी निरखलं जाणारं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन म्हणजे हे स्टेशन. रोज लाखो लोक त्याच्याखालून जातात आणि घड्याळाकडे बघतात. तुम्ही कलेचे विद्यार्थी आहात, तुम्ही तरी बघा. स्केचबुकाचं पहिलं पान इथेच भरा, उभ्या उभ्या.

तिथून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने पाच-सात मिनिटं चाललं की सर जे. जे. कला महाविद्यालयाचं आवार लागतं. सुरुवात २ मार्च १८५७ ची, सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. २०२३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आवारात झाडी भरपूर आणि एक जुना लाकडी बंगलाही आहे. लॉकवुड किपलिंग हे इथे शिकवत असत, आणि त्यांचा मुलगा, ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड, १८६५ मध्ये याच आवारात जन्मला. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी भिंतीवरची शिल्पपट्टी त्याच लॉकवुड किपलिंगची. खाली संत्र्यांच्या पेट्या, वर शिल्प.

जेजेत आत सोडतील का? वार्षिक प्रदर्शनाचे दिवस असले तर सर्वांनाच जाता येतं, आणि जमलं तर सहल त्याच दिवसांत बसवा. एरवी गेटवर कॉलेजचं ओळखपत्र दाखवून, नीट नमस्कार करून विचारायचं. ‘मराठवाड्यातून आलोय, चित्रकला शिकतो’ एवढं वाक्य पुरे. नाही म्हणाले तर नाही, कुंपणाबाहेरूनही ती इमारत काढता येते.

पण गेटवर उभं राहताना अंग चोरू नका, आणि याला इतिहासातलं कारण आहे. १८७२ पासून पुढे वर्षानुवर्षं जेजेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आपल्याकडे येत होते. आपल्याकडे म्हणजे अजिंठ्याला, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, ज्यात नांदेड आणि बिलोलीही होतं. लेण्यांच्या अंधारात बसून त्या मुंबईच्या मुलांनी भिंतींवरची चित्रं मोठाल्या कॅनव्हासवर उतरवून घेतली. त्या प्रती लंडनला गेल्या, त्यातल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या, उरलेल्या अजून तिथल्या संग्रहालयात आहेत. चित्र शिकायला मुंबईने मराठवाड्यात येणं ही जुनी रीत आहे. तुम्ही उलट दिशेने जाताय, एवढंच.

दार ढकलायची भीती

तयारीच्या गप्पांत आमच्या मैत्रिणीने शेवटी खरी भीती सांगितली. चोरीची नाही, लोकलची नाही, हरवायचीही नाही. तिने विचारलं, “जहांगीरमध्ये आत गेल्यावर कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं?”

मला वाटतं, गावाकडून निघालेल्या प्रत्येक कलाविद्यार्थ्याच्या पोटात हाच गोळा असतो. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, पांढरी भिंत, कुजबुजत बोलणारी माणसं. आपले चप्पल, आपली भाषा, आपला घाम हे सगळं एकदम आठवायला लागतं.

तर ऐका. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये उभं राहिलं, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. आत जायला तिकीट नाही. नाव विचारत नाहीत, वहीत लिहा म्हणून मागेही लागत नाहीत. साधारण ११ ते ७ उघडं असतं. कुणीही जातं: ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत आलेले कारकून, पावसात अडकलेले लोक, जोडपी. तिथली प्रदर्शनं बहुतेक आठवड्याची असतात, मंगळवारी नवी लागतात आणि सोमवारी उतरतात. पहिल्या संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी, शेवटच्या दिवशी बांधाबांध. गुरुवार-शुक्रवारी दुपारी जा. त्या वेळी टेबलामागे बहुधा चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि खरं सांगायचं तर कंटाळलेला असतो. त्याने या आठवड्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली असते, भाडं भरलेलं असतं, चित्रं टेम्पोत घालून आणलेली असतात. त्यात नांदेड-परभणी-सोलापूरकडचेही असतात. तुम्ही त्याच्या चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहिलात तर तो स्वतः उठून येईल.

काय विचारायचं? ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सोडून काहीही. कोणता कागद, खाली काय लावलं, किती दिवस लागले, पहिला थर कोणत्या रंगाचा, हा भाग बिघडला होता का. कामाचं विचारलं की माणूस मोकळा होतो, मग तो मेकॅनिक असो की चित्रकार. आणि स्वतःचं स्केचबुक सोबत असू द्या, ‘दाखवू का?’ असं आपण होऊन विचारायचं नाही, पण हातात दिसेल असं धरायचं. एवढी चलाखी माफ आहे.

फोटो काढायच्या आधी मात्र विचारा. लोक न विचारता काढतात, ते लोक आवडत नाहीत.

बाहेर आलात की फुटपाथवर दुसरं प्रदर्शन असतंच. तिथे चित्रकार चित्रं मांडून बसतात, समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात. आत टांगलेलं आणि बाहेर मांडलेलं, दोन्हीतली किंमत, हात आणि घाई यांची तुलना करायला यापेक्षा चांगली जागा नाही. मला व्यक्तिशः बाहेरचे काही हात आतल्यांपेक्षा पक्के वाटतात, पण हे मत आहे, तुम्ही तुमचं बनवा.

जहांगीरच्या आसपासच सगळं आहे. रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, १९९६ पासून, सोमवारी बंद. लागूनच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, जॉर्ज विटेटने आखलेलं, १९२२ मध्ये लोकांना खुलं झालेलं. त्याच्या घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाया आहे, आपल्या दख्खनच्या माणसाला ती लगेच ओळखू येते. तिथे तिकीट आहे, विद्यार्थ्यांना सवलत मिळते, ओळखपत्र विसरू नका. एक दालन निवडा, दख्खनी लघुचित्रांचं निवडा, आणि तिथेच दोन तास घालवा. सगळं बघायचा हट्ट धरलात तर संध्याकाळी पाय दुखतील आणि एकही चित्र आठवणार नाही.

या चौकाला काळा घोडा म्हणतात, आणि नवखा माणूस घोडा शोधत बसतो. मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये इथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटून राहिलं. २०१७ मध्ये स्वार नसलेला नवा घोडा इथे बसवला. मूळ घोडा बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी भायखळ्याला जाच, कारण त्याच बागेच्या दारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. सीएसएमटीहून मध्य रेल्वेच्या लोकलने तिसरं स्टेशन, तिकीट पाच रुपये. बुधवारी बंद. आत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख, पगड्या, धंदे केलेले आहेत. बोलक्या भिंती रंगवणाऱ्या मुलीला मी मुद्दाम तिथे पाठवतेय. शिकवण्यासाठी केलेलं काम इतकं नजाकतीचं असू शकतं हे तिने बघावं असं मला वाटतं.

फेब्रुवारीच्या आसपासचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस रस्ताच दालन होतो. माझं मत विचाराल तर पहिली सहल तेव्हा नको. तेव्हा चित्रांपेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतात. दुसऱ्या खेपेला जा.

राहणं, पैसे, आणि घरच्यांचा जीव

राहायचं म्हणजे बहुतेकांचं कुणीतरी असतंच. कळंबोलीला मावसभाऊ, दिव्याला आत्या, कल्याणला गावातले कुणी. पण नातेवाइकांकडे राहण्याची किंमत वेळेत मोजावी लागते: कल्याणहून सीएसएमटी म्हणजे लोकलने तासाहून जास्त, सकाळच्या गर्दीत तर फोल्डर घेऊन चढणंच अवघड. त्यांच्याकडेच राहणार असाल तर ११ नंतर निघा आणि संध्याकाळी चार-पाचच्या आत परतीला लागा, नाहीतर आठनंतर. मुलींनी लेडीज डब्यातच चढा, प्लॅटफॉर्मवर तो कुठे येतो ते खांबांवरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. कुणाकडे जायचं नसेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी कन्फर्म तिकिटावर ऑनलाइन मिळतात. लवकर भरतात, तिकिटासोबतच बघा. अडचण आली तर ११२.

घरच्यांना दिवसाचा कार्यक्रम कागदावर लिहून द्या. मोबाईलवर नाही, कागदावर. कुठल्या वेळी कुठे, तिथला पत्ता, सोबतच्या मैत्रिणीचा नंबर. आमच्या मैत्रिणीने असा कागद करून फ्रिजवर चिकटवला. आईने तो शेजारच्या काकूंना वाचून दाखवला म्हणे, आणि ‘राणीची बाग’ आल्यावर दोघींना बरं वाटलं, कारण ते नाव ऐकलेलं होतं. परवानगी मिळणं आणि घरच्यांची झोप टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची सोयही आपणच करायची असते.

खाण्याचं सांगत नाही. वडापाव सापडायला लेख लागत नाही.

पैशांचं एक सांगते. उरलेल्या तीन हजारांतले निदान हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते कागदासाठी असं ठरवून टाका. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर वह्या, कागद, पेनांची घाऊक दुकानं आहेत, आणि काळबादेवी-प्रिन्सेस स्ट्रीटकडे चित्रसाहित्याची. आपल्याकडे एक-दोन जाडीचे कागद मिळतात, तिथे बोट फिरवून निवडता येतो. आधी विचारा, हाताळा, एक-एक शीट घ्या. गठ्ठा घेऊ नका. ट्यूबचे रंग बघून डोळे फिरतील; तेव्हा ते वेगळं पाकीट आठवा.

आणि ते सहा जण

घरी कुणी म्हणालंच की ‘मुंबईच्या पोरांसमोर आपला काय निभाव लागणार’, तर त्यांना ही गोष्ट सांगा. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. आधुनिक भारतीय चित्रकलेचा कुठलाही धडा इथून सुरू होतो. संस्थापक सहा: सुझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. यातला एकही मुंबईत जन्मलेला नाही. सुझा गोव्यातल्या साळगावचे, रझा मध्य प्रदेशातल्या खेड्यातले, हुसेन पंढरपूरचे, ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, बाकरे बडोद्याचे. आणि कृष्णाजी हौळाजी आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले. आरा लहानपणी घरातून पळून मुंबईत आले, घरगड्याचं काम केलं, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. चित्रं काढतच राहिले आणि १९४२ मध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. हुसेन यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवले, हे तर सगळ्यांना माहीत आहे. बोलक्या भिंती रंगवून तिकिटाचे पैसे जमवणं त्या रांगेत कुठेही कमी ठरत नाही.

यातून ‘तुम्हीही हुसेन व्हाल’ असं मी म्हणत नाहीये. आपल्यातले बहुतेक कलाशिक्षकाच्या जागा निघायची वाट बघत आहेत, मधल्या काळात लग्नाची स्टेजं आणि गणपती रंगवत आहेत, हे मला माहीत आहे. पण गॅलरीच्या दारात ‘आपण बाहेरचे’ असं वाटलं, तर तिथे टांगलेले बरेचसे बाहेरचेच होते, एवढं डोक्यात असू द्या. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८ ची) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८ ची) यांची वार्षिक प्रदर्शनं, शिवाय राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, यांचे अर्ज कसे भरतात, फ्रेम कशी लागते, चित्र कुठे नेऊन द्यायचं, हेही त्या टेबलामागच्या चित्रकाराला विचारून या. ही माहिती आपल्या वर्गापर्यंत येते तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. एक जण जाऊन विचारून आला तर पंधरा जणांचं काम होतं.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, काही बघायचं ठेवू नका. एका जागी बसा आणि काढा. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, नाहीतर हुतात्मा चौकात सावली बघून. रस्त्यात बसून काढायची सवय आपल्याला आठवडी बाजारात लागलेली असते, फक्त बिलोलीत मागे उभं राहून ‘हे आमच्या मामाचं दुकान हाय’ म्हणणारं कुणीतरी असतं. मुंबईत कुणी थांबत नाही. सुरुवातीला ते बरं वाटतं, तासाभराने थोडं विचित्र वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहून पाठवा, याच पानावर छापू.

परतीची गाडी रात्रीची. घेतलेला कागद कसा आणायचा याचा आत्ताच विचार करा, कारण २२ बाय ३० इंचांची शीट घडी घातली की मेली. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा अडीच फुटांचा तुकडा आणि दोन टोपणं आणा. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीपेक्षा स्वस्त पडतं आणि वर कुणी बसलं तरी चेपत नाही. सुतळी बांधून खांद्याला अडकवा. गाडीत वरचा बर्थ घ्या आणि पाइप भिंतीच्या बाजूला, स्वतःच्या आणि भिंतीच्या मध्ये ठेवून झोपा. आमच्या मैत्रिणीचा पाइप कापून आणलाय, त्यावर तिने निळ्या रंगाने स्वतःचं नाव आणि खाली ‘बिलोली’ असं लिहिलंय. तिकीट अजून आरएसी दाखवतंय.